इंग्लंडचा कचरेवाला

विद्याधरकाकांनी लेस्टरहून आणलेला काँप्युटर
म्हणजे काळ्या पेटीवर रबराची बटणं,
खोडरबरासारखी; दाबली की आत रुतायची.
उन्मेषची आई त्यावर क्रोशाचं झाकण घालायची.
टीव्ही कृष्णधवल, टेपरेकॉर्डर घरचाच,
आणि कॅसेट सुरू झाली की अख्ख्या सहकारनगरात
कुणीतरी पत्र्यावरून मांजर ओढतंय असा आवाज.
पाच मिनिटं श्वास रोखायचा.
पंखाही लावायचा नाही, हा उन्मेषचा नियम.
चारदा फसायचं. पाचव्यांदा
पडद्यावर उजाडायचं: एक गल्ली, सहा घरं,
आणि टोपीवाला, ठेंगणा
कचरेवाला.

हसून हसून लोळलो होतो आम्ही पहिल्यांदा.
सातासमुद्रापलीकडून एवढं मशीन यावं,
त्यात ना रॉकेट, ना राक्षस,
आणि हा बाबा डबा उचलतोय, गाडीत ओततोय,
रिकामा डबा पुन्हा दारात नेऊन ठेवतोय!
झाकणाखालून मांजर उडी मारायचं, हा दचकून बसायचा.
दुधाच्या बाटलीला पाय लागला की मालकीण ओरडायची, मुक्यानेच.
फुलांच्या वाफ्यात गेला की गुण कापले.
(वाफे आम्हाला करडे दिसायचे, रस्ताही करडाच;
गुण कुठे जातात हे कळेपर्यंत मे महिना संपला.)
गाडी मात्र कुणासाठी थांबायची नाही.
तिसऱ्या गल्लीत ती निघून जायची
आणि तो डबा छातीशी धरून उभा.

सारजाबाई साडेआठला यायच्या.
बेल वाजवायच्या नाहीत. 'कचराऽ' म्हणायच्या,
त्यातला शेवटचा आ एकटाच वरचा मजला चढायचा.
त्या दिवशी उन्मेषची आई बँकेत, दार उघडं.
टोपली टेकवून त्या उंबऱ्याशी बघत राहिल्या.
'ह्यो काय करतोय?'
कचरा उचलतोय, मावशी.
म्हणालो, आणि दोघंही आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागलो.

'खुळा हाय,' त्या म्हणाल्या.
'गाडी तिकडं चालली, आन् ह्यो जवळचं घर धरून बसलाय.
लांबचं आधी घ्यावं.
गाडीला आपल्याकडं येऊ द्यावं, गाडीमागं पळू नये.
पगार किती त्याला?'

पगार नसतो, गुण असतात.
'असं व्हय.'
त्यांनी पदराला हात पुसले, बोटबोट वेगळं करून.
'कंचं दाबायचं?'

वायर आखूड होती.
उंबऱ्यापर्यंत पोचत नव्हती.
उन्मेषने दोनदा ओढून पाहिली,
मग म्हणाला, आत या.

पहिल्या दोन डावांत मांजराला शिव्या.
तिसऱ्यात गल्ली एक, दोन, तीन,
गाडी त्यांच्याकडे यायची, जशी रोज येत असावी,
आणि मग चौथी, जिथे आम्ही कधी गेलोच नव्हतो.
तिथे रात्र असते.
घरं नाहीत, नुसत्या खिडक्या, पांढरे ठिपके;
वाफा कुठला, रस्ता कुठला, काहीच नाही
आणि त्या चालतच होत्या.

शेवटी खेळाने नाव विचारलं. तीन अक्षरं मावायची.
काय लिहू, मावशी?
'सारजा. तीनच हायेत की.'
मराठीत बरोबर तीन. पेटीला मराठी येत नव्हतं.
एस, ए, आर दाबलं.
जा बाहेर राहिलं.

त्या टोपली उचलून समोरच्या बिल्डिंगीत गेल्या.
अकराला विजेला आठवलं आज गुरुवार आहे,
आणि पडदा, एस, ए, आर, सगळं एका ठिपक्यात गेलं.
संध्याकाळी उन्मेषच्या आईने
क्रोशाचं झाकण धुवायला टाकलं.
का, ते तिने सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठला दार बंद होतं.
'कचराऽ'च्या मागून खालच्या पट्टीत आलं,
'आन् त्यो खुळा? पोचला का घरी?'

आम्ही मग लांबच्या घरापासून खेळू लागलो.
चौथी गल्ली आम्हालाही लागायची.
पण त्या अंधारात दर वेळी वाफ्यात पाय.
काय बघून चालायच्या त्या,
हे विचारायचं होतं. शाळा सुरू झाली.